फळी बसेना

जुना ओटा काही एका दिवसात गेला नाही. आधी सिंकच्या कडेची एक टाइल हलू लागली, मग तिची शेजारीण, आणि एका सकाळी तिने दुधाचं पातेलं ठेवलं तर अख्खी रांग पडायला आलेल्या दातांसारखी डुगडुगली. बाबांनी एक टाइल नखाने उचलली. खाली भुसा दाबून केलेली फळी होती. सिंकमधून झिरपणारं पाणी वर्षानुवर्षं पिऊन ती फुगली होती आणि बोट लावलं की चुरा होऊन हाताला लागत होती.

“हा ओटा नाही,” बाबा म्हणाले, “हे चहात बुडवलेलं बिस्किट आहे. पातेलं ठेवू नकोस, बुडेल.”

बाबा म्हणजे तिचे सासरे. त्यांचं आयुष्य रबरी शिक्के कोरण्यात गेलं. शाळांचे, दवाखान्यांचे, सह्या करून करून मनगट दुखलेल्या साहेबांचे. मग शिक्के यंत्रावर व्हायला लागले, दुकान बंद झालं आणि बाबा घरी बसले. पण त्यांच्या हातांना ही बातमी कोणी दिलीच नव्हती. ते हात सारखे काहीतरी हुडकत असायचे. कधी मिक्सर उघडायचे, कधी छत्रीच्या काड्या सरळ करायचे. ओट्याची ही दशा पाहून बाबांना वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांचे डोळे चमकले.

“मिस्त्री कशाला हवाय? खालची कपाटं धडधाकट आहेत. त्यांच्यावर चांगल्या प्लायची फळी बसवू, फळीवर सिमेंटची पातळ शीट, शीटवर टाइल. टाइल लावायला माणूस बोलावू. फळी आपण करू. तू आणि मी.”

“आणि गोटू?”

“गोटू मुकादम.”

तिच्या कडेवरच्या बाळाने, गोटूने, तोंडातली मूठ काढली, बाबांकडे बघितलं आणि परत मूठ तोंडात घातली. त्याची मंजुरी मिळाली असं धरून दोघं जुना ओटा उखडून, सिंक सोडवून कामाला लागली.

तिच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. तिची रजा संपत आली होती. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचं तिचं काम. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि गोटूला दिवसभर कोणी सांभाळायचं ते अजून ठरत नव्हतं. तिला वाटत होतं, गोटू घरी बाबांजवळ राहावा. तिच्या नणंदेचं, म्हणजे ताईंचं, म्हणणं होतं की मुळीच नको, त्याला पाळणाघरात घाला. पाळणाघर ताईंच्याच घराजवळ होतं आणि तिथे एक जागा ताईंनी शब्द टाकून अडवूनही ठेवली होती.

“बाबांचं आता पूर्वीसारखं राहिलं नाही,” ताई म्हणायच्या. “नळ उघडा टाकून फिरायला गेले की नाही? चहात मीठ घातलं की नाही? चष्मा कपाळावर आणि शोध घरभर.”

“चष्मा तर आमच्या दुकानात येणारं निम्मं जग शोधतं, ताई.”

“शोधू दे ना. ते निम्मं जग माझ्या भाच्याला कडेवर घेऊन गॅस पेटवत नाही.”

 नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “तू म्हणशील तसं.” ऐकायला गोड आणि झेलायला जड असं हे वाक्य. म्हणजे चुकलं तर कोणाचं चुकलं, हेही आधीच ठरलेलं.

तेव्हा तिने मनाशी एक योजना केली. फळीचं काम म्हणजे माप, धार, यंत्र आणि धीर. हे सगळं बाबा कसं करतात ते शेजारी बसून बघायचं. नीट झालं तर गोटू बाबांजवळ. नाही झालं तर पाळणाघर. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असला प्रकार. आणि ज्यांच्या घरी ताक मागायचं ते शेजारी मांडी घालून पेन्सिलीला टोक करत बसलेले. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण सोमवार काही लाजत नव्हता, तो येतच होता.

*

स्वयंपाकघर लांबट होतं. ओट्यासमोर उभं राहिलं की डाव्या हाताला खिडकी, खिडकीपाशी सिंक, आणि डाव्याच कोपऱ्यात भिंतीला लागून जमिनीपासून छतापर्यंत गेलेला पाण्याचा पाइप. म्हणजे फळीत दोनच गोष्टी सांभाळायच्या होत्या: डावीकडे सिंकचं मोठं भोक, आणि डाव्या मागच्या कोपऱ्यात पाइपासाठी खाच. बाकी फळी सरळसोट.

“भिंतीवर विश्वास ठेवायचा नाही,” बाबा म्हणाले. “भिंत सरळ दिसते, असते वाकडी. माणसासारखी. म्हणून आधी कागद.”

खाकी कागदाचे तुकडे चिकटपट्टीने जोडून त्यांनी ओट्याएवढा एक लांब कागद केला, तो कपाटांवर अंथरला, भिंतीच्या वळणाप्रमाणे कडेने कापला, पाइपाची खाच कापली, सिंकची जागाही कापून काढली. वरच्या बाजूला कडेकडेने सुबक अक्षरांत लिहिलं: ‘भिंत’, ‘सिंक’, ‘आपण’.

“‘आपण’ म्हणजे?”

“म्हणजे समोरची बाजू. जिथे आपण उभे राहतो ती.”

तिला ते फार आवडलं. एक गुण त्यांच्या खात्यात.

मग बाहेरच्या खोलीत जमिनीवर जुन्या चादरी पसरून त्यावर प्लायचा तक्ता आडवा टाकला. जाड, पाणी न लागणारा, ताज्या लाकडाचा वास येणारा. त्यावर कागद पसरायचा आणि कडेने पेन्सिल फिरवायची. गोटूला रांगायला नुकतंच जमायला लागलं होतं आणि जगातली सगळ्यात चांगली जमीन म्हणजे आजोबा जिथे गुडघ्यावर बसलेत ती, असं त्याचं मत होतं. तो मध्ये येत राहिला, ती उचलत राहिली. एकदा बाबा पाणी प्यायला उठले, एकदा दारावर कोणीतरी आलं, एकदा गोटूची लंगोटी बदलावी लागली. घरात मूल असलं की कुठलंच काम सलग होत नाही, तुकड्यातुकड्यांनी होतं आणि मग ते तुकडे आपल्याला आठवत नाहीत.

कापायची वेळ आली तेव्हा गोटू आतल्या खोलीत झोपला होता. बाबांनी दार लोटून घेतलं, आणि मगच मशीनची पिन लावली. सिंकच्या आखणीच्या चार कोपऱ्यांना ड्रिलने भोकं पाडली आणि बारीक पात्याने कापणारं जिगसॉ मशीन तिच्या हातात दिलं.

“भोक तू पाड.”

“मी? बाबा, वाकडं गेलं तर?”

“तर काय, सिंकची कड झाकते. देवाने कड कशाला दिली? घे. ढकलू नकोस. ती आपली आपण पुढे जाते, तू फक्त तिच्यासोबत चालायचं. गोटूला चालायला शिकवशील ना, तसं.”

ती मशीनसोबत चालली. शेवटच्या टोकाला बाबांनी खालून तळहात लावून कापलेला तुकडा अलगद झेलला. मग फळी पालथी करून समोरच्या कडेखाली लाकडी पट्टी लावली, म्हणजे कड जाड होते आणि तिथली टाइल नीट धरते. लाकडाचा गोंद डब्यात वाळून खडा झाला होता, म्हणून नुसत्याच स्क्रूंवर भागवलं. बाबांच्या हाताला ना कंप, ना घाई. ती मनात गुण देत राहिली आणि सगळं झाल्यावर तिला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. त्या दिवशी तिने गोटूला भरवताना खूप दिवसांनी गाणं म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी फळी उचलून आत नेली, कपाटांवर टेकवली आणि मागे सरकवली. फळी सरकली नाही. पाइपाला जाऊन आपटली.

“खाच कुठंय?” बाबा म्हणाले.

खाच उजवीकडे होती. सिंकचं भोकही उजवीकडे, जिथे खाली सिंकची जागा नव्हती, मसाल्यांचा खण होता.

“उलटसुलट धरलीय आपण. वळव.”

अरुंद जागेत फळी वळवणं म्हणजे बोळात बस वळवणं. बाबा दारात गेले, ती खिडकीत आली.

“वळवली.”

“सिंक?”

“बरोबर आला, डावीकडे.”

“शाब्बास. खाच?”

तिने खाली पाहिलं. “खाच माझ्या पोटापाशी आली.”

“पोटापाशी कशी येईल? पाइप भिंतीला आहे.”

“पाइप भिंतीलाच आहे बाबा. खाच माझ्याकडे आलीय.”

“मग परत वळव.”

परत वळवली. खाच भिंतीकडे गेली आणि सिंक परत मसाल्यांवर. बाबांनी चष्मा पुसला. तिने मान तिरकी करून पाहिलं. फळी उभी करून पाहिली, आडवी करून पाहिली. एकदा दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना न सांगता, विरुद्ध दिशांना वळवली आणि फळी दाराच्या चौकटीत अडकली. खाचेला भिंत दिली की सिंक रुसायचा, सिंकची समजूत काढली की खाच पोटात यायची. भांडणाऱ्या दोन जावांना एका घरात बसवावं तसं चाललं होतं.

आणि नेमक्या या वेळी ताई आल्या. दारातून आत बघतात तो बाप खिडकीत, भावजय फ्रिजला टेकलेली, मध्ये जमिनीला तिरकी टेकलेली फळी, आणि फळीच्या भोकातून खालून गोटूचं डोकं वर आलेलं.

“हे काय चाललंय?”

“फळी बसेना,” ती म्हणाली.

“बसेना म्हणजे? मापं घेतली होती ना?”

“कागद केला होता,” बाबा म्हणाले.

“मग?”

“कागद बसला होता.”

ताईंनी पर्स खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. ताईंना कुठलीही गोष्ट दुसऱ्याला जमली नाही की ती सोपी वाटते. “द्या इकडे. अशी नाही, अशी धरायची. आता हे इथे... हे तिथे... थांबा.” त्यांनी दोनदा फळी वळवून घेतली, एकदा स्वतः वळल्या, आणि मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, “खिडकीच चुकीच्या जागी आहे या घरात.”

हसू आलं तिला, पण हसायची सोय नव्हती. कारण बाबा हसले नव्हते. एरवी असल्या वाक्यावर त्यांनी ताईंना सोडलं नसतं. ते पायरीच्या स्टुलावर बसले होते आणि स्वतःच्या हातांकडे बघत होते. हातांनी चोरी केलीय आणि आपल्याला आत्ता कळलं, असं.

ताईंनी तिला बाहेरच्या खोलीत नेलं. आवाज खाली आणला, पण ताईंचा खाली आणलेला आवाजही भिंतीपलीकडे जातो.

“आता तरी पटलं? एवढीशी फळी. शिक्का कोरणारा माणूस, केसाएवढी चूक कधी केली नाही. आणि आता डावं-उजवं कळेना? मला काय हौस आहे का गं, माझ्या बापाबद्दल असं बोलायची?” ताईंचे डोळे भरले होते. तिला वाटलं होतं ताई जिंकल्यासारख्या दिसतील, पण त्या हरल्यासारख्या दिसत होत्या. “पाळणाघराला आज कळवायचंय. उद्या ती जागा जाईल.”

“संध्याकाळपर्यंत सांगते, ताई.”

“संध्याकाळी काय वेगळं दिसणार आहे?”

ते तिलाही माहीत नव्हतं.

*

ताई गेल्यावर तिने कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला कागद आणला.  तिने तो कपाटांवर पसरला. ‘भिंत’ भिंतीला लागली, ‘सिंक’ सिंकच्या जागी आला, खाच पाइपाला मिठी मारून बसली. कागद चोख होता.

मग तोच कागद तिने फळीवर ठेवला. जमेना. सिंकवर सिंक आला की खाच भलतीकडे. तिचं डोकं गरगरायला लागलं. कागद ओट्याचा आहे, फळी कागदाची आहे, मग फळी ओट्याची का नाही? वैतागून तिने कागद ओढला, तो तिच्या हातात उलटा फिरला आणि पालथा फळीवर पडला. आणि बसला. कडेला कड, खाचेला खाच. फक्त अक्षरं दिसेनाशी झाली होती, ती खाली तोंड करून पडली होती.

घोडं इथे पेंड खात होतं. कागद पालथा ठेवून आखणी झाली होती.

“बाबा!”

बाबा आले, वाकले, बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते हसणं होतं की उसासा, तिला कळलं नाही.

“शिक्का,” ते म्हणाले.

“काय?”

“अगं, शिक्का असाच करतात. कागदावर अक्षर सुलटं काढायचं आणि कागद रबरावर पालथा मारायचा. अक्षर रबरावर उलटं उमटतं, उलटं कोरायचं, म्हणजे छापल्यावर सुलटं. आयुष्यभर हाताखाली कागद आला की पालथा. हातांनी फळीचाही शिक्का केला बघ. हा ओटा आता शाईत बुडवून छतावर मारला की बरोबर उमटेल.”

ती खदखदून हसली. सुटल्यासारखी हसली. म्हातारपण नव्हे, विसर नव्हे; सवय! मुरलेली सवय. तिने ताईंना फोन करायला हात पुढे केला. ताई, ऐका, बाबांचं डोकं ठीक आहे, फक्त त्यांचे हात अजून दुकानातून घरी आलेले नाहीत.

गोटू फळीवर बसून कागदाचा एक कोपरा चाटत होता. तिने त्याला उचललं. तो ज्या जागी चाटत होता तिथे कागदावर मोठा काळपट डाग होता. केळ्याचा.

आणि फोन तसाच राहिला.

काल गोटू केळं घेऊन कागदावर चढला होता. बाबा तेव्हा पाणी प्यायला गेले होते. तिने गोटूला एका हाताने उचललं, दुसऱ्या हाताने कागद ओढला, न्हाणीच्या दारात नेऊन ओल्या फडक्याने पुसला, झटकला, आणि आणून परत तक्त्यावर टाकला. कसा टाकला? सुलटा? पालथा? तिने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. गोटूचं रडणं आठवलं, फडक्याचा रंग आठवला, लंगोटी बदलायची राहिली होती तेही आठवलं. कागद आठवेना. अक्षरं दिसत होती की नव्हती? रात्रीत गोटू किती वेळा उठला होता, त्याचाही हिशेब तिला आता लागत नव्हता.

तिने कागद उजेडात धरला. डाग लिहिलेल्या बाजूला असेल तर गोटू चढला तेव्हा कागद सुलटा होता, म्हणजे नंतर तिने उलटा टाकला असेल. डाग कोऱ्या बाजूला असेल तर बाबांनी तो आधीच पालथा मारला होता. साधं गणित. पण खाकी कागद पातळ, केळं पिकलेलं, पुसणारी ती. डाग आरपार गेला होता आणि दोन्ही बाजूंनी सारखाच दिसत होता.

“काय झालं?” बाबा म्हणाले. “भूत बघितल्यासारखी काय करतेस?”

ती गप्प बसू शकली असती. शिक्क्याची गोष्ट चांगली होती, बाबांना शोभणारी होती, ताईंना सांगण्याजोगी होती. पण ती म्हणाली, “बाबा, कागद तुम्ही पालथा ठेवला, का मी?” आणि केळ्याचं सगळं सांगून टाकलं.

बाबांनी ऐकून घेतलं. “मला आठवत नाही मी कसा ठेवला होता,” ते म्हणाले. “तुला आठवतं, तू कसा ठेवलास?”

“नाही.”

“मग आपण दोघं सारखेच की. फरक एवढाच की तुझ्यामुळे कोणी पाळणाघर शोधत नाही.”

ती चपापली. “बाबा...”

“अगं, ताईचा आवाज मी तिच्या जन्मापासून ऐकतोय. आणि तू काल दिवसभर माझ्याकडे बघत होतीस, तेही कळत होतं. लोकांचे डोळे तपासतेस, पण स्वतःचे लपवता येत नाहीत तुला. चांगलं बघत होतीस, रागाने नाही. म्हणून मी काही बोललो नाही.”

तिला वाटलं जमीन दुभंगावी. गोटूने तिचं कानातलं ओढलं, ते तिला बरंच वाटलं.

“एक गोष्ट सांगू?” बाबा परत स्टुलावर बसले. “तू विचार केलास, ताईने केला, तुझ्या नवऱ्यानेही केला असेल, तो फक्त बोलत नाही. पण मला कोणी विचारलं का, की बाबा, तुम्हाला जमेल का? मला विचारलंत तर मी सांगेन. चहात मीठ पडलं ते ताईमुळे. ती येऊन डबे आवरून गेली होती. नळाचं मात्र मला माहीत नाही. तो मी बंद केला होता असं मला पक्कं आठवतं, आणि तो उघडा होता. त्याची मला भीती वाटते. तुमच्यापेक्षा जास्त वाटते.”

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. ती म्हणाली, “मग... जमेल का बाबा?”

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत विचार केला.

“गॅस नको. तू जाताना खालचा सिलिंडरचा खटका बंद करून जा, मी हात लावणार नाही. चहा थर्मासमध्ये भरून ठेव, जेवण मी गार खाईन. त्याला अंघोळ तू घालून जायचं, पाण्यापाशी मी त्याला नेणार नाही. त्याला घेऊन जिना उतरणार नाही. दुपारी तू फोन करायचा. मी उचलला नाही, तर दुकान सोडून निघायचं, विचार करत बसायचं नाही. एवढं असेल तर जमेल. आणि एक. ज्या दिवशी मला वाटेल आता जमत नाही, त्या दिवशी मी सांगेन. तेव्हा ‘नाही बाबा, तुम्ही ठीक आहात’ असलं काही म्हणायचं नाही.”

“नाही म्हणणार.”

“शब्द?”

“शब्द.”

मग ते उठले. “आता या शिक्क्याचं काय करायचं? नवा तक्ता आणायचा?”

ती फळीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “बाबा, कागद पालथा बसतो... तर फळीही पालथी बसेल ना?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सकाळपासून तीन मोठी माणसं फळी फिरवत होती. गोल फिरवली, उभी केली, दारात अडकवली. पालथी घालून बघायचं एकालाही सुचलं नव्हतं. पट्टी लावलेली बाजू खालची, असं ठरलं होतं ना! बाबांनी डबा खडखडवून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पट्टीचे स्क्रू उलटे फिरवायला सुरुवात केली. गोंद संपला होता हे किती बरं झालं, असं ती म्हणणार होती, पण त्यांनीच म्हटलं, “आळशी माणसाचं भलं होतं ते असं.” पट्टी सुटली. फळी पालथी झाली. पट्टी दुसऱ्या अंगाला लागली. दोघांनी ती आत नेली, टेकवली, सरकवली. सिंक डावीकडे गेला, खाच पाइपाभोवती जाऊन बसली, आणि फळी भिंतीला टेकली तेव्हा दाराला कडी लागावी तसा एक छोटा, पक्का आवाज झाला.

बाबांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर येऊन उभा राहिला.

“वर स्क्रूची भोकं दिसतायत,” ती म्हणाली.

“टाइलखाली कोण बघायला येतंय?”

*

संध्याकाळी ताईंचा फोन आला. नवरा नुकताच कामावरून आला होता आणि नव्या फळीवर पसरून ठेवलेल्या गोटूला गुदगुल्या करत होता. बाबा शेजारीच होते, गोटूच्या डोक्यामागे तळहात धरून.

“काय ठरलं?” ताई म्हणाल्या.

“ताई, त्या जागेला नाही म्हणून कळवा. गोटू बाबांजवळ राहील.”

“म्हणजे? चूक बाबांची नव्हती?”

“ते माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? काय झालं होतं ते कळलं ना?”

“काय झालं ते कळलं. कोणी केलं ते नाही कळलं. बाबांनी असेल, नाहीतर मी असेन.”

ताईंचा आवाज चढला. “अगं, तू... तुझं तुला तरी कळतंय का? हे काय उत्तर झालं?”

“नाही झालं,” ती म्हणाली. “पण माझ्याकडे एवढंच आहे. माझी चूक असली तर तुम्ही गोटूला माझ्यापासून लांब ठेवणार नव्हता ना? तुम्हीच म्हणाला असता, पोरीची झोप होत नाही. मग बाबांनाही...” आणि वाक्य पुढे कुठे न्यायचं ते तिला कळेना. विचार करताना ते सरळ होतं, बोलताना वाकडं झालं. तिने गॅसचं, थर्मासचं, फोनचं सगळं सांगितलं. हे बाबांनीच ठरवलंय, आपणहून, हेही सांगितलं.

ताईंनी नाक ओढलं. “नळाचं म्हणाले ते? स्वतः म्हणाले?”

“हो.”

“मला कधी नाही म्हणाले.” मग जरा थांबून, “आणि मिठाचं?”

“मिठाचं म्हणाले की डबे तुम्ही आवरले होते.”

“मी?” ताई म्हणाल्या. “मी आवरले होते?... आवरले होते बहुतेक.” आणि मग, “मी येईन मधून मधून. न सांगता येईन. चालेल ना?”

“ताई, तुम्ही कधी सांगून आलात?”

फोन ठेवल्यावर नवऱ्याने विचारलं, “मग काय, ठरलं?” तिने मान हलवली. तो म्हणाला, “मी म्हटलंच होतं, तू म्हणशील तसं.” बाबांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

*

रविवारी टाइलवाला येऊन सिमेंटची शीट आणि टाइल लावून गेला. सोमवारी तिने गोटूला अंघोळ घातली, थर्मास भरला, खटका बंद केला, बंद केला का ते परत येऊन पाहिलं, जिन्यावरून परत वर येऊन आणखी एकदा पाहिलं. बाबा दारात गोटूला घेऊन उभे होते. “आता गेलीस तर बरं,” ते म्हणाले, “नाहीतर माझ्याऐवजी तुलाच डॉक्टरकडे न्यावं लागेल.”

दुपारी दुकानात खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते, नाकावर तपासणीची चौकट, समोर अक्षरांची पाटी. तिने त्यांची माफी मागितली, पडद्यामागे गेली आणि घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. वाजत राहिली. तिचा हात पर्सकडे गेला.

“कोण?” बाबांचा आवाज आला.

 कोण म्हणजे? या वेळेला दुसरं कोण असणार? “बाबा, मी. मी बोलतेय.”

“हळू बोल, हळू. आत्ता झोपलाय. ताईचाही फोन येऊन गेला, तुझ्या नवऱ्याचाही येऊन गेला, सगळे मिळून गोटूला उठवणार आहात तुम्ही. जेवला. शी केली. ठेवतो.”

आणि त्यांनी ठेवलाही.

ती फोन हातात धरून उभी राहिली. ते ‘कोण’ डुलकीतलं होतं की तीन-तीन फोन आल्यामुळे होतं, की आणखी कशातलं होतं, ते तिला कळेना. संध्याकाळी जाऊन विचारायचं, की नाही विचारायचं? शब्द दिला होता तो वेगळ्या गोष्टीचा होता. छातीत भीती होती, आणि भीतीच्या अगदी शेजारी, तिला खेटून, कसलंतरी हलकं वाटणंही होतं. दोघांपैकी कोणाला खरं मानायचं ते ठरेना.

“बाई,” पडद्यापलीकडून गृहस्थ म्हणाले, “मला अजून काही दिसत नाहीये.”

“आले,” ती म्हणाली आणि भिंग बदलायला गेली.